शेगडीची पिल्लं

किहारा ज्या वडापच्या मटाटूने येत होता ती पुलाजवळच्या चिखलात रुतली, म्हणून सकाळची बैठक दुपारवर गेली. तेवढ्या वेळात म्हाताऱ्या मुरायाच्या घरातलं प्रत्येक माणूस दुसऱ्या प्रत्येकाच्या कानाशी एकदा तरी लागून आलं. म्हाताऱ्याच्या धाकट्या मुलाची, किहाराची बायको न्याकियो आदल्या दिवशीच नाकुरूहून येऊन बसली होती. एरवी थोरल्या दिराचं, करिथीचं नाव काढलं तरी ती नाक मुरडायची, पण आज दोघांनी गोठ्यामागे उभं राहून एकमेकांच्या सोबतीने अख्खा कपभर चहा संपवला.

वामुयू बटाटे सोलता सोलता हे सगळं बघत होती. ती करिथीची बायको, या घरची थोरली सून. गोठ्यामागे काय शिजतंय हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

बैठक ओढ्याकाठच्या खालच्या वावरासाठी होती. करिथीची धाकटी बहीण गाथोनी मुलाला पाठीशी बांधून माहेरी परत आली त्याला आता बरेच दिवस झाले होते. म्हणायला नवरा होता, पण त्याच्याकडून बोलणी करायला कधी कुणी आलं नव्हतं, वधूमूल्याची एक बकरीसुद्धा या अंगणात बांधली गेली नव्हती. म्हणून पोरगा याच घरचा धरला गेला आणि त्याला याच घरच्या म्हाताऱ्याचं नाव मिळालं, मुराया. वामुयूचा थोरला मुलगाही मुरायाच, कारण थोरल्या मुलाच्या पहिल्या पोराला आजोबाचं नाव जातं, त्यात कुणाला विचारायचं नसतं. म्हातारा दोघांना "माझ्या नावाच्या" अशी हाक मारायचा आणि दोघेही ओ द्यायचे. नाव दोघांत वाटून घेता आलं. वावर मात्र एकच होतं.

गाथोनीने ते मागितलं तेव्हा एप्रिलचा पाऊस चालू होता. म्हातारा म्हणाला, "जुलैच्या थंडीतून पिल्लांची एक खेप पार काढून दाखव. या पठारावर ज्या बाईला पिल्लं जगवता येतात, तिला घरही करता येईल. मेली, तर विषय पुन्हा काढायचा नाही." करिथी तेव्हा मनापासून हसला होता. जुलैत इथं उभा बटाटा एका रात्रीत काळा पडतो, तिथं अंगठ्याएवढ्या पिल्लांचा काय पाड.

आणि तिने आणली ती नुसती कोंबडीची नाहीत, लाव्यांचीही पिल्लं. मधे सगळ्या किनांगोप पठाराला लाव्यांचं वेड लागलं होतं, मग ते उतरलं आणि लावे कुणी फुकट घेईना. गाथोनी म्हणाली, सगळ्यांनी सोडले म्हणूनच मी पाळते. यंत्रात उबवलेली पिल्लं, त्यांना आई नव्हती. शेगडी हीच आई. स्वैपाकघराच्या कोपऱ्यात पुठ्ठ्याचं कडं करून, रंध्याचा भुसा पसरून, मधे फळी घालून तिने एकीकडे लावे आणि दुसरीकडे कोंबडीची पिल्लं ठेवली आणि जुलै सरत आला तोवर सांभाळली. एकही मेलं नव्हतं असं नाही, पण खेप उभी होती. आज जेवणं आणि बोलणी आटोपली की म्हातारा स्वतः बघायला येणार होता.

पण म्हाताऱ्याला थंडी सोसेना, बैठक चुलीपाशीच हवी म्हणाला. मग करिथीनेच काळजीच्या सुरात काढलं की बाबांना पिसांनी खोकला येतो, पिल्लं आजच्यापुरती बटाट्याच्या खोपटात हलवावीत. पिल्लं खोपटात गेली.

"वहिनी, तूच बस त्यांच्यापाशी," खोपटात पुठ्ठ्याचं कडं नीट करत गाथोनी म्हणाली. "न्याकियोला किळस येते आणि आईच्याने उकिडवं बसवत नाही. मला तर आत बोलावलंय."

"मी काय सुईण आहे?"

"चार पोरं वाढवलीस ना. यांचं त्याहून सोपं. पसरून बसली की सुखात आहेत. एकमेकांवर चढायला लागली की थंडी वाजतेय, निखारा वाढव. चोची उघडून कडेला पळाली तर शेगडी मागं ओढ. आणि लाव्यांच्या पाण्याच्या थाळीतले गोटे काढू नकोस, तेवढ्याशा पाण्यात बुडतात मेले."

"आणि काही झालं तर?"

गाथोनीने तिच्याकडे बघितलं. जागरणाने डोळे लाल झाले होते. "काही होऊ देऊ नकोस," ती म्हणाली. तिने शेगडी बाहेर वाऱ्यावर धरून, कोळसा पुरता लाल होऊन धूर सरल्यावरच आत आणली. हे तिच्या हाताच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की ते सांगायची गोष्ट आहे असं तिला वाटलंच नाही. पांघरलेलं लेसोचं कापड खांद्यावरून घट्ट ओढून ती गेली.

मागोमाग करिथी दारात येऊन उभा राहिला.

"तुला बसवलंय होय?"

"बसवलंय."

"बरं झालं." तो पिल्लांकडे बघत राहिला. "आपला मुराया शाळा संपवून येईल. त्याला उभं कुठं करायचं? रस्त्यावर?"

"मला काय विचारता, मुरायाचे बाबा?"

"विचारत नाही, सांगतोय. तू काही करू नकोस."

"म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही. वाईट कर असं मी म्हणतोय का? नुसती बस. थंडी तिचं काम करेल."

तो दरडावून बोलला असता तर वामुयू भांडली असती. तो गोड बोलला, हेच वाईट झालं. जाताना त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, जे त्याने गेल्या कित्येक दिवसांत केलं नव्हतं.

तर वामुयू बसली. तिला दुष्ट म्हणायचं काही कारण नाही. त्या वावरातले दगड तिने वेचले होते, कोबीची ओझी पाठीवर घेऊन तिथला चढ ती चढली होती, एका बाळंतपणाच्या आदल्या दिवसापर्यंत तिने तिथं कुदळ मारली होती. गाथोनी तेव्हा नैरोबीत होती, प्रेमात होती. आपण कुणाचं ओरबाडून घेत नाही, जे आपल्या हातचं आहे ते फक्त जाऊ देत नाही, असं वामुयूने स्वतःला बजावलं आणि हात लेसोत गुंडाळून घेतले.

निखाऱ्यांवर राख चढली. डोंगरावरून वारा सुटला. खोपटाच्या भिंतीत पत्र्याखाली एक फट मुद्दाम सोडलेली होती, बियाण्याचा बटाटा कुजू नये म्हणून. तिथून धुकं आत उतरू लागलं. आधी पिल्लांचा आवाज बदलला. सुखातली पिल्लं आपापसांत पुटपुटतात, ही आता टोचून टोचून ओरडायला लागली. मग ती कोपऱ्यात गोळा झाली, मग एकावर एक चढली. लाव्यांचा तर ढीगच झाला, आणि वरचे ऊब मिळावी म्हणून खालच्यांना तुडवत आणखी आत घुसायला बघत होते.

वामुयू बघत होती. बघायचं नाही असं ठरवूनही बघत होती. ढिगाच्या खालून एक पाय बाहेर आला होता, काडीसारखा, आणि तो मधेच हलायचा. मग हलेनासा झाला.

तिने हात घालून ते पिल्लू ओढून काढलं. ते चपटं झालं होतं, आणि थंड. करिथीचा हात खांद्यावरून गेला होता तरी तिथली जागा तिला जड वाटत होती. "थंडी तिचं काम करेल," ती मोठ्याने म्हणाली. "आणि मी काय करतेय?"

मग ती उठली, आणि उशीर केलेलं माणूस जसं सगळं दुप्पट करतं तसं तिने केलं. पोत्यातला काळा कोळसा ओंजळी भरभरून शेगडीत टाकला, लेसोचा पदर हलवून हलवून वारा घातला. फटीतून येणारा झोत राख उडवत होता, म्हणून बटाट्याची रिकामी गोणी घडी करून तिने फटीत ठोसून बसवली. दाराखालून वारा येतो म्हणून तिथं घोंगडी लावली. ढीग हाताने मोडून पिल्लं मोकळी केली. थोड्याच वेळात खोपट उबदार झालं. पिल्लं पसरली. एकदोन तर पाय लांब करून आडवीच झाली. वामुयूला इतकं बरं वाटलं की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये हे या पठारावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण ते झोपायचं, रात्रीचं, माणसांचं. भरदुपारी बटाट्याच्या खोपटात ते शहाणपण तिला आठवलं नाही. डोकं दुखायला लागलं तेव्हा तिला वाटलं, सकाळपासून पोटात काही नाही म्हणून असेल. पिल्लं एकेक करून आडवी होत होती आणि ती मनात म्हणत होती, झोपा, बाळांनो, झोपा.

दार बाहेरून ढकललं गेलं, घोंगडीत अडलं, पुन्हा ढकललं गेलं. न्याकियो बटाटा घोटून केलेल्या मुकिमोची थाळी घेऊन आत शिरली आणि लगेच खोकायला लागली.

"अगं बाई, काय हे. जाऊबाई, तुमच्यासाठी वाढून आणलं, म्हटलं उपाशी..." ती थांबली. तिने कड्यात बघितलं, मग शेगडीकडे, मग वर फटीत ठोसलेल्या गोणीकडे. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमलत गेलं, आणि ते कौतुक होतं.

"मी उगीच तुम्हाला साधं समजत होते," ती हळू आवाजात म्हणाली.

"काय झालं?"

"माझ्यापाशी कशाला लपवता? भाऊजी म्हणाले होते, ती नुसती बसेल, तिच्यात तेवढीच हिंमत आहे. मी सांगते त्यांना." तिने थाळी बटाट्यांवर ठेवली. "सुंठीवाचून खोकला गेला. थंडीने मेली म्हणायचं. ती गोणी तेवढी काढून ठेवा, बाबा यायच्या आत."

वामुयूने कड्यात बघितलं. झोपलेलं पिल्लू मान आत ओढून घेतं. यांच्या माना भुशावर लांब पडल्या होत्या, चोची उघड्या होत्या.

ती उठली ती भिंतीला धरून, आणि तिने गोणी उपटून काढली. दार सताड उघडलं, शेगडी पायाने बाहेर ढकलली. गार वारा आत आला तशी काही पिल्लं तोंडं हलवू लागली. पण हाच वारा आता त्यांना मारणार होता. बाहेर न्यावं तर थंडी, दार लावून शेगडी परत आणावी तर कोळशाचं विष. ऊब एकाच ठिकाणी होती, चुलीपाशी, जिथं बैठक बसली होती.

खोटं तयारच होतं, शिजवून ताटात वाढलेलं. थंडीने मेली म्हटलं की कुणी एक प्रश्न विचारला नसता. वामुयूने टोपली रिकामी केली आणि पिल्लं भरायला लागली, हलणारी आणि न हलणारी, लावे आणि कोंबडीची, सगळी एकत्र.

"कुठं निघालात?" न्याकियो दारात आडवी आली. "अहो, स्वतःच्या पोराच्या पानात माती कालवताय."

"बाजूला हो."

"खरंच सांगणार आहात? कोण विश्वास ठेवेल तुमच्यावर? मी ठेवला नाही, तर ती ठेवेल?"

हे अगदी खरं होतं, आणि वामुयूला त्याची भीती वाटली. ती तिला खांद्याने ढकलून गेली.

स्वैपाकघरात करिथी बोलत होता. "पोटची पोर आहे हे कोण नाकारतंय, बाबा? तिला खायला आहे, झोपायला आहे. पण जमीन म्हणजे..." वामुयू त्याच्या आणि म्हाताऱ्याच्या मधून आत गेली आणि टोपली चुलीपाशी ठेवली.

"मरतायत," ती म्हणाली. "मी वरची फट गोणीने बंद केली. आत कोळसा पेटवला. जागा द्या."

गाथोनी टोपलीकडे धावली. ती गुडघ्यांवर आली, एक लावा उचलून तिने त्याच्या चोचीत फुंकर घातली, तो खाली ठेवला, दुसरा उचलला. किहारा, जो आल्यापासून दोन्ही बाजूंना हो म्हणत होता, जागच्या जागी उभा राहिला.

"बघताय काय?" म्हातारी वाइथिरा कडाडली. बैठकीत ती अजून एकदाही बोलली नव्हती आणि मुलांनी तिला आपल्या बाजूची धरून टाकलं होतं. "कोट उघडा. पोटाशी धरा एकेक. चुलीजवळ नुसती टाकली तर भाजतील."

"आई, कोट नवा आहे," किहारा म्हणाला.

"पिल्लूही नवंच आहे. घाल आत."

आणि मग त्या घरात, जिथं क्षणापूर्वी वावराच्या चिरफळ्या चालल्या होत्या, सगळे शर्टात, स्वेटरात, काखेत पिल्लं घेऊन बसले. म्हाताऱ्याने दोन लावे कानटोपीत ठेवले आणि टोपी बंडीत सारली. करिथीच्या हातात वाइथिराने एक जबरदस्तीने कोंबलं. तो ते धरून उभा होता आणि बायकोकडे बघत होता.

"फट बंद करायला कुणी सांगितलं?" गाथोनीने विचारलं. तिने वर बघितलं नाही.

"कुणी नाही. ती माझी चूक. थंडी लागू नये म्हणून केली."

"तुला वाटतं, मी हे मानावं?"

"नको मानूस. त्याआधीचं ऐक. त्याआधी निखारे विझत होते आणि मी नुसती बसले होते. एक खाली चेंगरून मेलं, तोवर बसले होते. ती चूक नव्हती. काही करू नकोस असं मला सांगितलं होतं आणि मी ते ऐकलं."

"कुणी सांगितलं होतं?" म्हाताऱ्याने विचारलं.

वामुयूने नाव घेतलं नाही. तिने फक्त नवऱ्याकडे बघितलं, आणि ते सगळ्यांनी बघितलं.

"हिचं डोकं फिरलंय, धुराने," करिथी म्हणाला.

"धुरानेच फिरलंय," वामुयू म्हणाली. "शुद्धीत असते तर गप्प बसले असते."

अधूनमधून कुणाच्या तरी कपड्यांतून बारीक आवाज यायचा आणि सगळे तिकडे वळायचे. कोंबडीची बहुतेक पिल्लं सावरली. लाव्यांची मात्र वाइथिराने चुलीच्या कडेला एक रांग लावली, आणि ती वाढत गेली. गाथोनीने त्या रांगेकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. आता आपण हरलोच असं तिने धरलं असावं.

करिथीनेही तेच धरलं. "बाबा," तो म्हणाला, "ज्याचं त्याचं खरं-खोटं नंतर बघू. शब्द म्हणजे शब्द. मेली तर विषय काढायचा नाही, असं तुम्ही म्हणाला होता."

"म्हणालो होतो," म्हातारा म्हणाला.

"बाबा, मेलेली माझी आहेत," वामुयू म्हणाली. "आज दुपारी तिच्या हातून माझ्या हातात आली तेव्हा सगळी उभी होती. तिचा हिशेब तिथवरच करा."

म्हाताऱ्याने बंडीत हात घालून टोपी चाचपली. "करिथी, तू थोरला. तुला रीत माहीत असायला हवी. एकाच्या हातून दुसऱ्याचं जनावर मेलं, तर काय भरतात?"

"मेंढा."

"कसला?"

"लठ्ठ." करिथीला अजून कळलं नव्हतं.

"कुणी भरायचा?"

"ज्याच्या घराकडून चूक झाली..." आता त्याच्या ध्यानात आलं. "त्याने."

"म्हणजे तू. आणि कापायचा कुठं?"

उत्तर किहाराने दिलं, विचार न करता. "ज्याचं नुकसान झालं त्याच्या अंगणात. पण बाबा, गाथोनीला अंगण कुठाय?"

"खालच्या वावरात," म्हातारा म्हणाला. "आत्ता तिथं बटाटा आहे. काढायला लागा."

न्याकियो दाराशी येऊन उभी होती. ती नवऱ्याजवळ गेली आणि त्याच्या कोटातलं पिल्लू जास्त दाबलं जातंय का ते बघू लागली. तिचा वारा फिरायला वेळ लागत नसे. करिथीने आपल्या हातातलं पिल्लू आईच्या मांडीवर ठेवलं. जाताना तो वामुयूपाशी थांबला.

"मुरायाला तूच सांग," तो म्हणाला. "काय गेलं आणि कुणी घालवलं."

तो बाहेर धुक्यात गेला. वामुयूला रडू येत होतं. सगळं खरं सांगून झालं तरी हलकं काही वाटत नव्हतं. पोराला काय सांगायचं हे तिला कळत नव्हतं आणि आज रात्री कोणत्या अंथरुणावर झोपायचं हेही कळत नव्हतं. तिच्या गळ्यापाशी, स्वेटरच्या आत, एक लावा होता. तो हलत नव्हता, पण रांगेत ठेवावा इतका गारही नव्हता.

गाथोनी समोर येऊन बसली. तिने हात पुढे केला. वामुयूने लावा काढून तिच्या तळहातावर ठेवला आणि ती रागावण्याची, ओरडण्याची वाट बघत राहिली. गाथोनीने तो कानाशी धरला, ओठांशी धरला, बोटाने त्याची छाती दाबून बघितली. बराच वेळ बघितली.

मग तिने वहिनीच्या स्वेटरचा गळा दोन बोटांनी ओढला आणि लावा पुन्हा आत ठेवला.

"अजून गरम झाला नाही," ती म्हणाली. "राहू दे तुझ्याकडंच."